लंकेची तीन धुराडी

चांगुणाबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली, तेव्हा सासरी दोन खोल्या होत्या. एकीत माणसे राहत आणि दुसरीत पेटारा. पेटाऱ्यात एकोणीस कळसूत्री बाहुल्या होत्या. राम, लक्ष्मण, सीता, मारुती, दहा तोंडांचा रावण, आणि बाकीचे वानर व राक्षस. पावसाळ्यात माणसांच्या खोलीत गळत असे, पेटाऱ्याच्या खोलीत नाही. नव्या नवरीने पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट सासऱ्यांच्या कानावर घातली. सासरे, म्हणजे रंभाजी, दोऱ्यांचा गुंता सोडवत शांतपणे म्हणाले, "पोरी, आपन भिजलो तर वाळतो. लाकूड भिजलं तर फुगतं. रावनाला दहा तोंडं हायेत. फुगल्यावर पेटाऱ्यात बसंल का त्यो?"

चांगुणाला उत्तर सुचले नाही. त्यानंतर असे कधी झाल्याचे गावात कुणाला आठवत नाही.

हे गाव श्रीरामपूरपासून अकरा किलोमीटरवर, प्रवरेच्या अंगाला. चैत्रात गावाची जत्रा भरते, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता देवळासमोर बाहुल्यांची रामकथा होते. रंभाजींच्या आधीपासून होते. पण त्या कथेतली लंका रंभाजींची.

रंभाजींनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. रामकथा सांगायची तर समुद्र हवा, समुद्रापलीकडे लंका हवी, आणि ती सोन्याची हवी. ज्याने बायकोच्या मंगळसूत्रापलीकडे सोने पाहिले नाही, त्याने सोन्याचे शहर आणायचे कुठून? तरुणपणी एकदा ते राजूरच्या बाजाराला गेले आणि तसेच पुढे जाऊन भंडारदऱ्याचे धरण पाहून आले. समुद्र तिथे मिळाला. म्हणून त्यांच्या समुद्राला दगडी भिंत आहे, आणि मारुती त्या भिंतीवर उभा राहून उडी घेतो. लंका मात्र सापडेना. मग एका मार्गशीर्षात ते उसाच्या गाडीवर बसून साखर कारखान्यावर गेले. गाळप चालू होते. दिवेलागणीची वेळ, शेकडो दिवे एकदम लागले, तीन धुराडी आभाळात घुसलेली, वाफेचे फूत्कार, गोडसर जळका वास, आणि फाटकाबाहेर दीड कोस बैलगाड्यांची रांग. घरी आल्यावर ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लंका बघून आलो." आणि मांजरपाटाचा पडदा जमिनीवर पसरून रंगवायला बसले.

तेव्हापासून गावची लंका तीन धुराड्यांची. वेशीत वजनकाटा, वेशीबाहेर बैलगाड्या. चित्र बदलले तशा ओव्याही बदलल्या:

लंकेच्या वेशीला, मारुती पातला,
उसाच्या गाडीत, दडून बसला,
काट्यावरला गडी, वजन बोलला
शेपटीसकट.

राक्षसही त्या मानानेच बोलू लागले. मारुतीने अशोकवनाची वाट विचारली की पहिला राक्षस म्हणतो, "चिठ्ठी हाय का?" दुसरा म्हणतो, "नंबर लागल्यावर या." तिसरा म्हणतो, "साहेब जेवायला गेल्यात." उसाचा टेम्पो नाहीतर ट्रॅक्टर घेऊन कारखान्याच्या आवारात ज्यांनी दिवस काढले होते, ते सगळे इथे मान डोलवत. लंका लांबची होती, पण तिथली माणसे ओळखीची होती.

चांगुणा आधी पडद्यामागे बसून नुसते टाळ वाजवी. एका जत्रेत ऐन रावणाच्या दरबारात रंभाजींचा घसा बसला. सूर्यभानचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, हात जितके सुरात होते तितका गळा नव्हता. रावण हात वर करून उभा आणि तोंडातून शब्द नाही. तेव्हा मागून चांगुणाच म्हणाली, "कोन हाय रे तिकडं? पानी आना, माझी धाही तोंडं सुकली." लोकांना वाटले कथेतच आहे. त्या दिवसापासून रामापासून राक्षसापर्यंत सगळे तिच्या तोंडाने बोलतात. सूर्यभान दोऱ्या ओढतो आणि घरी आल्यावरही फारसे बोलत नाही. तो म्हणतो, घरातला बोलण्याचा वाटा तिला गेला.

रंभाजी जाताना एक नियम घालून गेले. जी बाहुली वर्षभरात जत्रेत नाचली नाही, ती घरात ठेवायची नाही, प्रवरेला द्यायची. हा नियम त्यांना त्यांच्या वडिलांनी घातला होता. कोरोनाच्या साली जत्रा बंद होती. चांगुणा आणि सूर्यभान बंद देवळाच्या दारासमोर पडदा लावून उभे राहिले. त्यांना हटकायला पोलीस आला. चांगुणा म्हणाली, "दादा, लंका जळंपर्यंत थांबा, मग काय लिहायचं ते लिवा." तो पायरीवर बसला. लंका जळाल्यावर त्याने काहीच लिहिले नाही. पुन्हा पुढच्या साली बंदी आली, तेव्हा तो आपणहून पाचला हजर होता. अशा रीतीने एकोणीसच्या एकोणीस बाहुल्या कोरोनातूनही वाचल्या.

आणि मग नितीनराव श्रीलंकेला जाऊन आले.

नितीनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, यात्रा कमिटीचे अध्यक्ष, नात्याने चांगुणाचे दीर. फेब्रुवारीत ते भारतीबाईंना घेऊन सहलीला गेले. परतल्यावर तिसऱ्या दिवशी ते चांगुणाच्या ओट्यावर येऊन बसले. पायात नवे सँडल होते.

"वहिनी, मी लंका पाहून आलो. सहा रात्री, सात दिवस."

"भारतीबाईला आनलं ना माघारी?"

"आणलं. वहिनी, थट्टा बाजूला ठेवा. तिथे एकही धुराडं नाही. चहाचे मळे, नारळाची झाडं, हत्ती. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसणार नाही. माणसं इतकी नम्र की आपल्यालाच लाज वाटते."

"आन् सोनं?"

"सोनं नाही."

"मंग लंका कशावरनं?"

"पाटी आहे, वहिनी. विमानतळावर एवढी मोठी पाटी आहे."

सूर्यभान खाटेवर बसून मारुतीच्या शेपटीला नवी तार बांधत होता. तो हसला नाही, पण तार हातातून सुटली.

नितीनरावांचे म्हणणे असे होते. आजची मुले मोबाईलवर सगळे जग बघतात. त्यांच्यापुढे खोटा भूगोल मांडणे बरे नाही. समुद्राला भिंत, हे तर पाटबंधारे खात्याच्या माणसाला बघवत नाही.

"मंग पानी थांबतं कशानं?" चांगुणाने विचारले.

नितीनराव पुढच्या मुद्द्याकडे वळले. यंदा पडद्याच्या जागी एलईडी लावायचा. त्यावर खऱ्या लंकेचे आठ फोटो दिसतील, त्यांनी स्वतः काढलेले आणि क्रमाने लावलेले. जुना पडदा उघडायचा नाही. "कमिटीत दोघंचौघं ऑर्केस्ट्रा आणा म्हणतात. मी त्यांना सांगितलंय, यंदा सूर्यभानआबांना नवी संधी देऊ. पण तो पडदा दिसला, वहिनी, तर पुढच्या सालचा नारळ ऑर्केस्ट्राला जाईल. मग माझ्या हातात काही नाही."

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी कमिटी ज्याला नारळ देते, त्याचा पुढच्या जत्रेतला खेळ ठरतो. नारळ नाही तर खेळ नाही. आणि खेळ नाही तर बाहुल्या प्रवरेत. हे नितीनरावांना माहीत होते की नाही, कोण जाणे. चांगुणाला माहीत होते. त्या दिवशी दुपारी तिने पेटारा उघडला, एकेक बाहुली काढून पुसली, आणि दहा तोंडांपैकी आठवे तोंड पुसता पुसता नवऱ्याला म्हणाली, "मामंजींचा पडदा गुंडाळा. बाहुल्या ऱ्हायल्या तर लंका कुटंबी ऱ्हाईल."

सूर्यभानने पडदा गुंडाळला, पण बांबूवरून सोडला नाही. चाळीस वर्षे तो त्या आडव्या बांबूवर छाती टेकून, वरून हात पुढे काढून बाहुल्या नाचवत होता. नुसता बांबू बरगडीला टोचतो. गुंडाळलेल्या पडद्याची गादी झाली, वरून दोन गाठी मारल्या, झाले.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पाच वाजता देवळासमोर माणसांची दाटी झाली. एलईडी कसा असतो ते बघायला ऑर्केस्ट्रावालेही आले होते. बांबूच्या खाली चार फूट उंचीची चौकोनी पेट्यांची भिंत रचली होती. पुढून ती झगमगत होती आणि मागून सगळी गरम हवा सूर्यभानच्या धोतरात सोडत होती. धोतर फुगले, बसले, फुगले. चांगुणा शेजारी बाकावर माईक घेऊन उभी. "लंकेला जायच्या आधीच तुमी उडता का काय," ती हळूच म्हणाली. ते माईकमधून सगळ्यांनी ऐकले.

नितीनराव पहिल्या रांगेत मोबाईल घेऊन बसले होते, शेजारी भारतीबाई. मोबाईलवर बोट ठेवले की एलईडीवर फोटो बदलणार होता. वनवास साध्या हिरव्या रंगावर झाला. सीताहरण झाले. मारुतीने भिंत नसलेल्या समुद्रावरून उडी घेतली. उभे राहायला काही नसल्यामुळे ती जरा खालूनच गेली. मग नितीनरावांनी अभिमानाने बोट ठेवले.

आठ फोटोंऐवजी सहलीचे सगळे फोटो सुरू झाले. चारशे बारा होते, आणि दर अर्ध्या मिनिटाला आपले आपण बदलत होते.

लंकेच्या वेशीवर पहिलाच माणूस दिसला, तो चार फूट उंच नितीनराव. गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची चड्डी, काळा चष्मा, पोटावर कॅमेरा. मारुती दोऱ्यांवर तसाच लटकत राहिला. सूर्यभानने बायकोकडे पाहिले. तिला थांबता येणार नव्हते. बाहुली लोकांपुढे आली की तिने बोललेच पाहिजे. तिने टाळ उचलला.

वेशीत लंकेच्या, पहारेकरी उभा,
अर्ध्या विजारीत, काय त्याची शोभा,
पोट म्हणू का हा, राऊळाचा गाभा
कॅमेऱ्यामागे.

पहिल्या रांगेतला छगन, ज्याचा ऊस यंदा शेवटपर्यंत शेतात उभा राहिला होता, खुर्चीवरून खाली घसरून हसला. नितीनराव मोबाईलवर दोन्ही अंगठे चालवत होते. फोटो थांबेनात. ज्याने एलईडी आणला होता तो चहाला गेला होता, आणि चहाची टपरी जत्रेच्या त्या टोकाला होती.

पुढे हॉटेलातला नाश्ता आला. चांगुणाने तिथे रावणाचा मुदपाकखाना केला आणि कुंभकर्णाच्या न्याहारीची तयारी चाललीय म्हणून सांगितले. पुढे विमानाचा पंख आला, ते पुष्पक झाले. मध्येच आभाळात एक गुलाबाचे फूल आणि 'शुभ संध्याकाळ' अशी अक्षरे उमटली. कुणीतरी नितीनरावांना निरोप पाठवला होता. रावण वर बघून म्हणाला, "आकाशवाणी झाली. पर कामाचं काय बोलंना."

मग एका बागेत, झाडाखालच्या बाकावर बसलेल्या भारतीबाई आल्या. पायाशी दोन पिशव्या, कपाळाला आठी. सूर्यभानने न सांगता मारुती त्या झाडाच्या फांदीपाशी नेला. चांगुणाचा आवाज उतरला, सीतेसाठी उतरतो तसा.

अशोकाच्या बनी, बसली माउली,
पायाशी पिशव्या, डोईवर साउली,
एकटीला टाकून, कुठे स्वारी गेली
हत्ती पाहाया.

बायकांच्या बाजूला हशाचा लोंढा आला. भारतीबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि खांदे हलायला लागले. "खरंय हो जाऊबाई," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "दीड तास बसले होते. पाण्याची बाटलीसुद्धा ह्यांच्याच गळ्यात." आणि त्यांनी नवऱ्याकडे असे पाहिले की नितीनरावांचे अंगठे जागच्या जागी थांबले.

इतपत चांगले चालले होते. जुना पडदा दिसला नव्हता, नितीनराव ओशाळले असले तरी शब्द मोडला गेला नव्हता. राहिले होते लंकादहन. सूर्यभानने मारुतीच्या शेपटीच्या चिंधीला कापूर लावून काडी ओढली. शेपूट पेटली. लहान मुले पुढे सरकली, वर्षभर ती याचसाठी थांबलेली असतात. आणि एलईडीवर एक म्हातारी आली.

रस्त्याकडेला शहाळ्यांचा ढीग, त्यापाशी ती उभी. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात सोललेले शहाळे, कॅमेऱ्यासमोर धरलेले. हसत होती. पुढचा एक दात नव्हता.

चांगुणाने टाळ उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"म्हन की," सूर्यभान पुटपुटला. "पेटलंय."

"ही कोन हाय, नितीनभावजी?" चांगुणाने माईकमधून विचारले.

नितीनराव उभे राहिले. "आता कथा चालू द्या, वहिनी."

"कथंचंच इचारते. ही लंकंतली हाय ना?"

"हो. उन्हात हिला चक्कर आली होती," भारतीबाईच नवऱ्याऐवजी बोलल्या. "त्या बाईनं बसायला स्वतःची खुर्ची दिली. शहाळं पाजलं, पदरानं वारा घातला. एक शब्द कळत नव्हता आम्हाला एकमेकींचा." मग त्यांच्या लक्षात आले की आपण स्वतःलाच 'हिला' म्हणालो, आणि त्या खाली बसल्या.

"मंग हिचं घर जाळायचं व्हय?" चांगुणा म्हणाली.

नितीनरावांना खरी लंका हवी होती, ती चार फूट उंच त्यांच्यापुढे उभी राहून हसत होती.

"वहिनी, मारुतीची शेपूट संपत आली," छगन म्हणाला. "कायतरी जाळा."

"काय जाळू, तूच सांग."

"कारखाना जाळा," छगनने क्षणाचाही विचार न करता सांगितले, आणि मागून पन्नासएक गळ्यांनी त्याला दुजोरा दिला.

सूर्यभानचे दोन्ही हात दोऱ्यांत होते आणि बोटांना चटका बसू लागला होता. चांगुणाने एकदा पहिल्या रांगेकडे पाहिले. मग ऑर्केस्ट्रावाल्यांकडे पाहिले. पेटाऱ्यातल्या एकोणीस जणांचा हिशेब तिने मनात केला असेल तर तो पुरा व्हायला वेळ नव्हता. तिने माईक काखेत दाबला, वाकली, आणि एक गाठ हाताने, दुसरी दाताने सोडली.

पडदा खाली सुटला. मांजरपाट जुना, विरलेला. त्याच्या मागे एलईडीवर नेमका समुद्रावरचा सूर्यास्त आला. सगळा केशरी. रंभाजींच्या लंकेतून पहिल्यांदाच उजेड आरपार आला. तिन्ही धुराडी, वजनकाटा, बैलगाड्यांची रांग, खिडकी न् खिडकी सोन्यासारखी पेटली. सूर्यभान ओढायच्या दोऱ्या विसरून वरून वाकून बघत राहिला. मारुतीला पुढे कसे न्यायचे ते त्याच्या हातांना त्याच्याशिवायच ठाऊक होते.

लंका जळाली. टाळ्या इतक्या वाजल्या की चहावरून परत येणारा एलईडीवाला पळत सुटला. त्याला वाटले त्याचेच सामान जळाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा देवळात गेली ती नदीच्या वाटेने. सूर्यभान बरोबर आला नाही, त्याला बोटांना तूप लावायचे होते. नितीनराव सभामंडपात नारळ हातात घेऊन उभे होते. ऑर्केस्ट्रावाला तिथे नव्हता.

"कमिटीची बैठक झाली," ते म्हणाले. "अट मोडली, हे खरं की नाही?"

"खरं."

"मी तसं बोललो. बाकीचे सहा जण म्हणाले, पडदाही हवा आणि मागचा उजेडही हवा. घरी जाऊन सांगितलं, तर घरचंही मत तेच." त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "पण वहिनी, माझी एक विनंती आहे. ती ओवी तेवढी काढून टाका. विजारीची."

"ती न्हाई निघायची, भावजी. जत्रंत देवासमोर म्हनली की ती कथंत गेली. कथा अशीच तर वाढली. मामंजींनी काट्यावरला गडी घातला, त्यो खरा मानूस हुता. लई भांडला मामंजींशी. मेला त्यो, पर काट्यावर अजून उभा हाय."

"म्हणजे दर वर्षी मी..."

"दर वर्सी. भारतीबाई बी. त्या सकाळीच यिऊन आपली ओवी लिवून घिऊन गेल्या."

नितीनराव देवाकडे वळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "निदान पहारेकरी तरी नको. मी उपअभियंता होऊन निवृत्त झालो, वहिनी. रावणाच्या दरबारात एखादा बरा हुद्दा नाही का?"

"कनिष्ठ अभियंत्याचा उपअभियंता व्हायला किती वर्सं लागली तुमाला?"

"चौदा."

"आन् लंकंत कवा लागलाय?"

"काल," नितीनराव म्हणाले, आणि नारळ तिच्या पदरात घातला.